एका क्रियापदाचे दोन आवाज

बाहेर पाऊस होता आणि व्हरांड्यात कोणीतरी ओली छत्री झटकत होतं. ग्रंथालयातली ध्वनिमुद्रणाची खोली म्हणायला ध्वनिरोधक होती, पण दाराखालची रबरी पट्टी केव्हाच झिजलेली, त्यामुळे छत्रीची फडफड थेट माईकमध्ये जात होती. तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं, हेडफोन टेबलावर ठेवले आणि तरातरा बाहेर आली.

“जरा आवाज होतोय. छत्री जिन्यात ठेवता का?”

समोरचा तरुण छत्री हातात तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. बघत राहिला म्हणण्यापेक्षा ऐकत राहिला म्हणायला हवं, कारण तिचं बोलणं संपलं तरी त्याचा चेहरा ऐकण्याचाच होता. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं एक यंत्र होतं. दृष्टी नसलेल्यांना पुस्तकं ऐकायला ग्रंथालयातून देतात, त्यातलं.

“तुम्ही...” तो म्हणाला आणि थांबला. “तुम्ही आमच्या घरी बोलता.”

घरात तिचं टोपणनाव रेडिओ. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते रात्री पाठ टेकेपर्यंत. पण या वाक्यावर काय बोलायचं ते तिला काही केल्या सुचेना. मग त्यानंच सांगितलं. त्याच्या वडिलांची नजर उतारवयात गेली होती. तेव्हापासून संध्याकाळी ते हे यंत्र उशाशी लावून बसत आणि तिनं वाचलेलं एकेक पुस्तक ऐकत. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, जिन्यात, जिथं जावं तिथं तिचा आवाज. मागच्या महिन्यात वडील गेले. यंत्र परत करायला तो आला होता. घर फार शांत झालंय, एवढंच तो शेवटी म्हणाला आणि छत्री जिन्यात ठेवायला गेला.

तो तसाच निघूनही गेला असता, पण काचेपलीकडे कानसेन बसले होते. कानसेन म्हणजे तिथले ध्वनिमुद्रक. डोळ्यांवर जाड चष्मा, पण कान असा की शेजारच्या खोलीत कोणी पेन्सिल खाली ठेवली तरी यांना कळायचं. म्हणून सगळे त्यांना तोंडावरसुद्धा कानसेन म्हणत. त्यांचं काम तेव्हा अडलेलं होतं. डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश आवाजात उतरवायचा होता. इंग्रजी एका आवाजात, मराठी दुसऱ्या आवाजात, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. मराठी ती वाचायची. इंग्रजी वाचणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका लेकीकडे राहायला निघून गेल्या आणि काम ‘एच’ अक्षरावर ठप्प झालं. कानसेनांनी त्या तरुणाचा आवाज ऐकला, तो काय करतो विचारलं. न्यायालयात दुभाषी आहे म्हटल्यावर त्यांनी त्याला आत ओढलंच. संध्याकाळी रिकामा असतो, येईन की, असं तो म्हणाला. म्हणताना बघत होता मात्र तिच्याकडे.

तेव्हापासून त्याचं नाव तिथं ‘दुभाषी’ पडलं.

दोघं समोरासमोर बसत. मध्ये टेबल, टेबलावर दोन माईक, आणि पानं सुटी करून ठेवलेली, कारण पान उलटल्याचा आवाजही चालायचा नाही. हातात काही वाजणारं नको. कडक इस्त्रीचे कपडे नकोत. रिकाम्या पोटी यायचं नाही. पोटातले कावळे बाहेर ठेवून या, असं कानसेन रोज बजावायचे. चुकलं की हात वर करायचा, दम घ्यायचा आणि अख्खं वाक्य पुन्हा वाचायचं. आणि सगळ्यात कडक नियम दोन. एक म्हणजे, वाचताना भाव नको. अर्थ शब्दांतून कळला पाहिजे, सुरातून नाही. दुसरा म्हणजे, एका शब्दाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजांची एकच जोडी. मध्येच आवाज बदलला की ऐकणाऱ्याला वाटतं, शब्दच बदलला.

छोटे शब्द पटापट उरकले. मग आला ‘होल्ड’.

दिसायला किती साधं क्रियापद! शाळेत एकच अर्थ पाठ केलेला असतो, धरणे. पण शब्दकोशात त्याला पानंच्या पानं दिलेली. हात धरायचा तो होल्ड, श्वास रोखायचा तोही होल्ड. सभा भरवली तरी होल्ड, पद भूषवलं तरी होल्ड. पिंपात पाणी मावतं, दोर वजन पेलतो, शत्रूला वेशीवर थोपवतात, एखादं मत बाळगतात, फोनवर माणूस थांबून राहतो, जुनं लाकूड पावसाळ्यात तग धरतं, तिथं सगळीकडे इंग्रजीत हाच एक गडी राबतो. मराठीला मात्र दर वेळी नवा शब्द काढावा लागतो. त्याचं वाक्य झालं की ती तो नवा शब्द वाचायची, आणि तो मान किंचित तिरकी करून ऐकायचा.

एकदा पाऊस वाढला. छतावर ताडताड वाजायला लागलं की मुद्रण थांबवावंच लागे. कानसेन चहाला गेले. तेव्हा तो म्हणाला, या बिचाऱ्या होल्डला इंग्रजांनी फारच जुंपलंय. तिला कुठून तरी चेव आला. म्हणाली, आमचं ‘धरणे’ काय कमी राबतं? उपास धरतात, हट्ट धरतात, अबोला धरतात. बाळ बाळसं धरतं, झाड फळ धरतं, दूध बुडाला धरतं. यातलं एक तरी होल्डनं करून दाखवा. त्यानं हात टेकले. मग हा खेळच झाला. पाऊस आला की तो एखादं ‘धरणं’ शोधून आणायचा आणि तिनं त्याचं इंग्रजी सांगायचं. पाऊस येत नसला तर तो खिडकीतून आभाळाकडे बघायचा... हे तिच्या लक्षात आलं होतं. आपणही बघतो, हे जरा उशिरा लक्षात आलं.

होल्डच्या पहिल्याच अर्थाचं पहिलंच उदाहरण होतं, त्यानं तिचा हात धरला. इंग्रजी वाक्य त्यानं अगदी कोरड्या आवाजात वाचलं, पंचनामा वाचावा तसं. तिची पाळी आली आणि तिनं हात वर केला. पुन्हा वाचलं, पुन्हा हात वर. काचेपलीकडून कानसेनांचा आवाज आला, “भाव येतोय. भाव नको.” ती कानापर्यंत लाल झाली. तो मात्र खाली मान घालून आपल्या पानावर काहीतरी शोधण्यात गढून गेला होता. पानावर शोधण्यासारखं काही नव्हतं.

भाव न येऊ देणं त्याच्या अंगवळणीच पडलं होतं. न्यायालयात दुभाष्यानं ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. समोरचा ‘मी’ म्हणाला की यानंही ‘मी’च म्हणायचं. परवा दिवसभर मला नवरा नको होता, असं तो तिला एकदा गंभीरपणे म्हणाला, आणि हसता हसता तिला ठसका लागला. काल मी चोरी केली नव्हती, आज केली. हे असं वर्षानुवर्षं. मग स्वतःचं कधी बोलता, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, खरं तर सवयच राहिली नाही.

तिला तो आवडायला लागला होता. हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या घशात आरसा घालून पाहिलं.

आवाज सकाळी जड व्हायचा, शब्दाची शेवटची अक्षरं निसटायची, म्हणून ती गेली होती. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ साधी आहे, काढून टाकू, पण वाचन आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण मौन. आणि आवाज? तो पूर्वीसारखा होईल असं त्यांनी सांगितलं नाही. नाही होणार असंही सांगितलं नाही. फक्त, जितकं जास्त वाचाल तितकी आशा कमी, एवढं मात्र स्वच्छ सांगितलं.

रस्त्यानं घरी येताना ती एकच हिशेब करत होती. होल्ड निम्म्याच्या पुढं झालंय. मध्ये सोडलं तर सगळंच फुकट, दुसरी बाई पहिल्या अर्थापासून वाचणार. आणि मग आपलं काय उरलं? आवाजाव्यतिरिक्त तिच्याकडे जगाला देण्यासारखं काही नाही, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. कोणाच्या तरी वडिलांच्या उशाशी बसून बोलणारी ती, हीच तिची ओळख. एवढं क्रियापद संपवू, मग काय व्हायचं ते होवो. घरी तिनं आईला फक्त घसा बसलाय म्हणून सांगितलं. ग्रंथालयात तेवढंही सांगितलं नाही.

आणि नेमका त्याच वेळी दुभाषी चुकायला लागला.

आधी क्वचित, मग सारखाच. सोपी सोपी वाक्यं. वाचता वाचता अडखळायचा, हात वर करायचा, पाणी प्यायचा, पान हरवायचा, माफ करा म्हणायचा. एका वाक्याला इतका वेळ घ्यायचा की कानसेन काचेपलीकडे कपाळाला हात लावून बसायचे. न्यायालयात असंच करता का, असं त्यांनी चिडून विचारलं, तरी हा आपला शांत.  एकेक संध्याकाळ हातातून जात होती, आवाजाचं पाणी आटत चाललं होतं, आणि हा बाबा ‘दोर तुटला नाही’चं एवढंसं इंग्रजी वाक्य चारदा वाचत बसला होता.

शेवटी एका संध्याकाळी पाऊस वाढला आणि कानसेन बाहेर गेले, तेव्हा तिचा तोल सुटला. तुमच्या लेखी हा पोरखेळ असेल, ती म्हणाली, येणं जमत नसेल तर तसं सांगा, माझा वेळ घालवू नका. बोलता बोलता आवाज चिरकला आणि मध्येच नाहीसाच झाला. तिनं घशाशी हात नेला.

त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

“दुखायला लागलं की तुम्ही वाक्याच्या आधी डोळे मिटता,” तो म्हणाला. “तेव्हा मी चुकतो. तेवढीच तुम्हाला विश्रांती.”

 बाहेर पावसानं कहर मांडला होता. इतके दिवस कानसेनांची बोलणी यानं मुकाट्यानं खाल्ली, ती कोणासाठी, ते तिला आत्ता कळत होतं. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, गाठ, मौन, आशा. आणि हेही की आता फार थोडं राहिलंय, फक्त शेवटचे वाक्प्रचार, तेवढी साथ द्या.

त्यानं आपली पानं गोळा करून बाजूला ठेवली.

“मी उद्यापासून येणार नाही,” तो म्हणाला. “जोडी लागते ना? मी नसलो तर तुम्हाला वाचता येणार नाही.”

“अहो, सगळं वाया जाईल.”

“जाऊ दे.”

“तुम्ही कोण ठरवणारे?”

“कोणी नाही,” तो म्हणाला, आणि कानसेन यायच्या आत उठून गेला.

त्या रात्री ती ढसाढसा रडली. राग त्याच्यावर होता, आणि तो बरोबर होता याचाही राग होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कानसेनांना कळवलं की कामाचा बोजा वाढलाय, जमणार नाही. तिच्या घशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोष स्वतःवर घेऊन मोकळा झाला. मग तिनं आईला खरं सांगितलं. आई आधी रागावली, मग गप्प झाली, मग कपाटातून जाड चादर काढून दवाखान्याच्या पिशवीत भरायला लागली.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. मौन सुरू झालं.

रेडिओ बंद पडल्यावर घर कसं होतं, ते तिला तेव्हा कळलं. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. आई स्वतःशीच पुटपुटत भांडी घासायची आणि मध्येच सवयीनं, “काय गं, ऐकतेस ना?” असं विचारून जीभ चावायची.

अशाच एका दुपारी दारावर थाप पडली आणि दुभाषी आत आला. तिनं तोंड फिरवलं. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि खुर्ची पुढं केली. आयांना अशा वेळी काही सांगावं लागत नाही.

“तुम्ही रागावलाय, आणि तुम्हाला बोलता येत नाही, हे माझ्या अगदी पथ्यावर पडलंय,” तो म्हणाला.

तिला हसू आलं. हसायलाही बंदी होती, म्हणून तिनं उशीत तोंड खुपसलं.

मग तो येतच राहिला. न्यायालय सुटलं की यायचा, खुर्चीत बसून दिवसाच्या गमती सांगायचा. ती हातवारे करायची आणि तो त्यांचं भाषांतर करायचा. तिनं खिडकीकडे बोट दाखवलं की आईला सांगायचा, त्या म्हणतायत, दुभाष्याला चहा टाका. तिनं जोरजोरात मान हलवली की म्हणायचा, आलं घालून. आई हसत उठायची. कधी तो काहीच न बोलता नुसता बसायचा. ज्या मुलीला शांतता म्हणजे बिघाड वाटायचा, तिला त्या शांततेत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

एकदा तिन्हीसांजेला आई शेजारी गेली होती. दिवा अजून लावला नव्हता. तो खुर्चीत पुढं सरकून बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“आज एक वाक्य माझं स्वतःचं बोलायचंय,” तो म्हणाला. “सवय नाही. पण... मला तुमच्याशी लग्न करायचंय. जन्मभर तुमच्याबरोबर राहायचंय.”

 तिनं मान वर केली, तसा त्यानं घाईनं हात आडवा केला.

“मान हलवू नका. खुणाही नकोत. बोलायला लागाल तेव्हा सांगा. मला ते ऐकायचंय.”

आणि तो इतक्या लगबगीनं निघाला की चपला उलट्यासुलट्या घालून जिना उतरला. ती अंधारात तशीच बसून राहिली. ‘हो’ तिच्या ओठांवर होतं, घशात होतं, सगळ्या अंगात होतं. आणखी थोडे दिवस ते तिथंच राहायचं होतं.

ते दिवसही सरले. डॉक्टरांनी तिला आधी नुसतं ‘आ’ म्हणायला सांगितलं, मग नाव, मग पत्ता.

जो आवाज निघाला तो तिचा नव्हता. जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला. शब्दाच्या कडेला फाटणारा. तिनं दचकून आईकडे पाहिलं. व्यायामानं थोडा सुधारेल, डॉक्टर म्हणाले, रोज थोडं वाचायलाही हरकत नाही. पण पूर्वीची ती धार, तो लख्खपणा, ते आता येणार नाही. वेळेवर थांबलात म्हणून एवढा तरी राहिला, असंही ते म्हणाले. आई म्हणाली, “आवाज आहे ना? मग झालं.” घरी आल्यावर मात्र आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

त्या दिवशी तो आला तेव्हा तिनं आईला दारात पाठवलं. अजून मनाई आहे, झोपलीय, असं सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. दाराआड उभी राहून ती त्याचा आवाज ऐकायची आणि त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत हलायची नाही. त्याला जे ऐकायचं होतं, ते ती कोणत्या तोंडानं ऐकवणार? त्याच्या घरातली शांतता ज्या आवाजानं भरायची होती, तो आवाजच आता कुठं नव्हता. हे असलं खरखरणारं ‘हो’ ऐकून त्याचा चेहरा उतरला तर? तो बोलणार काही नाही, तेवढा सज्जन आहे. पण तिला दिसेल ना! त्यापेक्षा मौन बरं.

आईनं आणखी थोडे दिवस ऐकून घेतलं. मग पदर खोचून समोर उभी राहिली.

“त्याला काय सांगायचं ते तुझं तू सांग. मी दुभाषी नाही.”

आणि त्याच दिवशी कानसेनांचा फोन आला. आईनं तो सरळ तिच्या कानाला लावला. बोलावंच लागलं. दोन वाक्यं ती बोलली असेल. कानसेन ऐकत होते. मग म्हणाले, “हा दुसरा आवाज आहे. जुन्याला जोडता येणार नाही. होल्ड पुसावं लागणार.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोड बोलणं त्या माणसाला कधी जमलंच नव्हतं. पण ते थांबले नाहीत. या आवाजात शब्द जास्त उघडा ऐकू येतो, म्हणाले, शब्दकोशाला हा वाईट नाही. पहिल्यापासून वाचायची तयारी असेल तर या, मी दुभाष्यालाही बोलावलंय. नसेल तर दुसरी जोडी शोधतो. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ती गेली.  व्हरांड्यात तो एकटाच बाकावर बसला होता. तिला पाहून उभा राहिला. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली आणि जे पाठ करून आली होती ते एका दमात बोलून टाकलं.

“माझा आवाज हा असा झालाय. आता असाच राहणार. बोलायची परवानगी केव्हाच मिळाली होती, मी खोटं सांगायला लावलं. तुम्ही जे विचारलंत ते जुन्या आवाजाला विचारलं होतं. तो नाही आता. तुम्ही मोकळे आहात.”

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. चेहरा उतरला होता. ज्याची भीती होती तेच समोर होतं, आणि तिनं ते सोसायची तयारी केली.

“बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “आत्ता येतंय. त्यांच्या संध्याकाळी त्या आवाजात होत्या. तो गेला याचं मला वाईट वाटतंय. तुमच्याशी खोटं बोलणार नाही.”

तिनं मान हलवली आणि वळली.

“थांबा. माझं वाक्य पुरं झालं नाही.” तो पुढं आला. “तो आवाज मी कित्येक वर्षं ऐकत होतो. त्याला काही विचारावंसं मला कधी वाटलं नाही. मी विचारलं ते खाटेवर गप्प बसलेल्या, उशीत तोंड खुपसून हसणाऱ्या बाईला. तेव्हा तुमच्याकडे कुठलाच आवाज नव्हता. जुना नव्हता, नवा नव्हता. मग तो बदलला म्हणून माझं विचारणं कसं बदलेल?”

 खरंच नव्हता की! अख्ख्या जगासमोर ज्याच्या जोरावर ती उभी होती ते सगळं काढून घेतलेलं असताना हा माणूस रोज जिना चढून येत होता. आणि ती दाराआड लपून बसली होती, वेडी कुठली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नाही.

आतून कानसेनांनी काचेवर टकटक केलं. यायचं असेल तर या, पाऊस यायच्या आत सुरुवात करू.

दोघं आत जाऊन समोरासमोर बसले. होल्डची पानं पहिल्यापासून लावून ठेवलेली होती. मुद्रण सुरू करण्याआधी वाचणाऱ्यानं माईकमध्ये काहीही चार शब्द बोलायचे असतात. आवाज किती येतोय ते पाहून कानसेन बटणं जुळवतात. नवा आवाज, म्हणून नव्यानं जुळवणी. बोला काहीतरी, ते काचेपलीकडून म्हणाले.

ती समोर बघत होती. माईककडे नाही.

“हो,” ती म्हणाली.

“पुरत नाही,” कानसेन म्हणाले. “जरा मोठं वाक्य बोला. स्पष्ट.”

तिनं माईक जवळ ओढला. त्याच्याशी ती आजवर कधी एकेरीत बोलली नव्हती.

“तू विचारलं होतंस ना, त्याला हो म्हणतेय,” ती त्या खरखरीत, जाड, फाटक्या आवाजात म्हणाली. “जन्मभर.”

दुभाष्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. काचेपलीकडे कानसेनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि एक बटण किंचित फिरवलं.

“आवाज छान येतोय,” ते म्हणाले. “दोघांनी पाणी प्या. मग सुरू करू.”